झिजलेला गिअरबॉक्स : कारणशोधाचा एक पाठ

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावयाचा, तर तो एखाद्या शिलालेखावर किंवा एखाद्या सत्याग्रहावर असावा अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्ही मात्र या वेळी शाळेच्या जुन्या पिकअप गाडीच्या गिअरबॉक्सवर लिहीत आहोत. आमच्या माजी विद्यार्थ्यांना ही गाडी चांगली आठवत असेल. भंडाऱ्याच्या बाजारातून भाजी, राइस मिलमधून तांदळाची पोती, जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे गठ्ठे आणि थंडीत सतरंज्या-ब्लँकेटे तिनेच वाहून आणली. या गाडीचा गिअरबॉक्स आम्हांला दोनदा बदलावा लागला. पहिल्यांदा बदलला तो चुकीच्या रीतीने, दुसऱ्यांदा बदलला तो योग्य रीतीने. या दोन्हींत जे अंतर होते ते केवळ पाना-पकडीचे नव्हते, ते विचाराच्या रीतीचे होते. म्हणून हा विषय वर्गात शिकवण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

गिअरबॉक्स करतो तरी काय?

डिझेल इंजिन ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट काम करते. अगदी सावकाश फिरवले तर ते बंद पडते आणि फार वेगाने फिरवले तर त्याची हानी होते. गाडीची गरज मात्र क्षणाक्षणाला बदलत असते. पोती भरलेली गाडी जागेवरून हलवताना चाकांना जोर हवा असतो, वेग नव्हे. महामार्गावर धावताना वेग हवा असतो, तेवढा जोर नको असतो. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये हा व्यवहार जमवून देणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स.

हे गणिताने पाहू. समजा, २० दातांचे चाक ४० दातांच्या चाकाला फिरवते. पहिले दोनदा फिरेल तेव्हा दुसरे एकदा फिरेल. वेग अर्धा झाला, पण पीळ देण्याची शक्ती, घर्षणातील घट सोडल्यास, दुप्पट झाली. अशा दोन जोड्या एकापुढे एक लावल्या तर इंजिनाच्या चार फेऱ्यांना बाहेरच्या शाफ्टची एक फेरी होईल. हा झाला पहिला गिअर. मागच्या आसात, ज्याला आपण डिफरन्शियल म्हणतो तेथे, आणखी चारास एक असे प्रमाण धरले, तर इंजिनाच्या १६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चाकाचा परीघ २.२ मीटर आणि इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्या घेत असेल, तर चाक मिनिटाला १०० फेऱ्या घेईल आणि गाडी २२० मीटर जाईल, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटर. पुष्कळ गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट तेथे एकमेकांस थेट जोडले जातात. तेव्हा त्याच इंजिनाच्या त्याच वेगाला गाडी ताशी सुमारे ५३ किलोमीटर धावते. आठवीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

आतली रचना अशी असते. वरच्या मुख्य शाफ्टवरील दातेरी चाके आणि खालच्या काउंटर शाफ्टवरील चाके जोडीजोडीने कायम एकमेकांत गुंतलेली असतात. मुख्य शाफ्टवरील चाके मात्र त्या शाफ्टवर मोकळी फिरतात. आपण गिअर टाकतो तेव्हा एक काटेरी दांडा, म्हणजे सिलेक्टर फोर्क, एका स्लीव्हला सरकवतो आणि ती स्लीव्ह हव्या त्या चाकाला शाफ्टशी कुलूपबंद करते. दोघांचे वेग वेगळे असताना हे कुलूप लावू गेल्यास दात दातांवर आपटतील. म्हणून मध्ये पितळेच्या जातीच्या धातूची एक रिंग असते. ती शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागावर घासून आधी दोघांचे वेग समान करते, मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. हिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात आणि गॅरेजमध्ये नुसते ‘ब्रास रिंग’ म्हणतात. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याच्या मुलांना हा धातू परका नाही. तो पोलादाहून मऊ आहे, म्हणूनच तो स्वतः झिजतो आणि पोलादी दातांना वाचवतो.

थोडा इतिहास

फ्रान्समधील पान्हार व लेव्हासॉर यांच्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे, त्यामागे क्लच व सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स आणि फिरणारी चाके मागे अशी मांडणी रूढ केली. त्या काळच्या चालकाला क्लच दोनदा दाबून, कानाने वेग ओळखून गिअर टाकावा लागे. ते कसब नसेल तर दात करकरत. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश आला आणि चालकाच्या कानाचे काम त्या रिंगने पत्करले.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला पुढे जाण्याचे तीनच गिअर होते. १९४७ साली महिंद्रा कंपनीने मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून १९८८ साली टाटामोबाइल २०६ ही पिकअप बाहेर पडली. पुढील काळात ग्रामीण महाराष्ट्राचा भाजीपाला, दूध आणि धान्य वाहून नेण्याचे काम हळूहळू पिकअपकडे आले.

आमच्या मुलांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. शहापूरवरून जाणारा महामार्ग पूर्वी क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. या मार्गाने भंडारा मागे टाकून, कारध्याला वैनगंगा ओलांडून लाखनीच्या बाजूस गेले की गडेगाव येते. तेथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या तंत्राने सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार करणे हे त्याचे प्रमुख काम राहिले आहे. म्हणजे देशभर धावणाऱ्या अवजड ट्रकांचे गिअरबॉक्स आपल्याच जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांशेजारी घडतात. एवढे जवळ असूनही गिअरबॉक्समध्ये काय असते हे आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, याची खंत वाटते.

आमची चूक

आता प्रसंग सांगतो. गाडी शाळेने जुनीच घेतली होती, पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. काही वर्षांनी तिसरा गिअर आपोआप सुटू लागला. गाडी पळत असताना एकदम न्यूट्रल होई आणि इंजिन नुसतेच ओरडे. एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी गाडीखाली डोकावून, कोणतीही तपासणी न करता, ‘बॉक्स गेला’ असे सांगितले आणि एक वापरलेला गिअरबॉक्स बसवून दिला. त्यात आमच्या वसतिगृहाच्या दोन महिन्यांच्या भाजीपाल्याएवढा पैसा गेला. आम्हीही कारण विचारले नाही. जुना बॉक्स तेथेच सोडून आलो. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर पुरावाच टाकून आलो.

पुढे चार-पाच महिन्यांनी आमचे चालक भाऊ कार्यालयात आले आणि म्हणाले, “सर, गाडीखाली तेल टपकून राह्यलं जी.” आम्ही हातातील कागदावरून मान वर न करता म्हणालो, “जुनी गाडी आहे भाऊ, थोडे टपकणारच.” आणखी महिन्याभराने तिसरा गिअर पुन्हा सुटू लागला. त्याच सुमारास आम्ही एकदा त्यांच्या शेजारी बसून भंडाऱ्यास गेलो. ते संपूर्ण रस्ताभर डावा हात गिअरच्या दांड्यावर दाबून धरीत होते. दांड्यावर हात ठेवून गाडी चालवल्याने आतला फोर्क झिजतो, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. आम्हांला कारण सापडल्यासारखे वाटले. त्याच आठवड्यात आम्ही चालकाच्या चुकीच्या सवयीमुळे गाडीचे नुकसान होत असल्याची लेखी समज त्यांना दिली आणि ती नोंदवहीत लावली. भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी सही केली.

श्रावणातल्या एका रात्री सातवीतील एका मुलाचा ताप एकदम चढला. त्यास पुढच्या आसनावर बसवून भाऊ व अधीक्षक भंडाऱ्यास निघाले. महामार्गावर तिसरा गिअर सुटला. भाऊंनी दुसरा टाकण्याचा प्रयत्न केला तो दांडा लुळा पडला आणि बॉक्स आतून जाम झाला. गाडी पुढेही जाईना, मागेही ढकलता येईना. पावसात दुसरे वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. मूल वाचले, चार दिवसांनी हसत परतले. परंतु त्या पाऊण तासाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. नोंदवहीप्रमाणे ती चालकाची होती.

निदान : आधी प्रश्न, मग पाना

या वेळी आम्ही आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून तो आता स्वतःचे छोटे गॅरेज चालवतो. आम्ही म्हणालो, “बाबू, दुसरा बॉक्स पाहा आणि बसवून दे.” तो म्हणाला, “सर, बॉक्स तं बदलून देतो, पन मंग रोग कोनता होता हे कसं समजन?”

मग त्याने गाडीला हात लावण्यापूर्वी भाऊंनाच शेजारी बसवून घेतले आणि एकेक प्रश्न विचारला. आवाज कोणत्या गिअरमध्ये येत असे? क्लच दाबल्यावर बंद होई की सुरू होई? इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असे का? गाडी कोणत्या वेगाला थरथरत असे? तेल पुढून टपके की मागून? भाऊंना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. आजवर ते कोणी विचारले नव्हते एवढेच.

या प्रश्नांमागील शास्त्र विद्यार्थ्यांनी लिहून ठेवावे :

१. इंजिन चालू असताना गिअर करकरत पडतो आणि बंद असताना सहज पडतो, तर आधी संशय क्लचवर घ्यावा. क्लच पूर्ण सुटत नसल्याने असे होते. यासाठी गिअरबॉक्स बदलणे म्हणजे दुखणे पोटाचे आणि उपचार डोक्याला.

२. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर दोष बहुधा बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगात असतो. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे.

३. इतर सर्व गिअरांत आवाज येतो आणि सरळ गिअरात तो कमी होतो, तर काउंटर शाफ्टकडे पाहावे, कारण सरळ गिअरात त्याच्यावर भार नसतो.

४. एकच गिअर टाकताना करकरतो, तर त्या गिअरची ब्रास रिंग झिजलेली असावी. एकच गिअर सुटतो, तर त्याचे कुलूपदात, फोर्क, दांडा जागेवर धरणारी स्प्रिंग-गोळी, शाफ्टचा ढिलेपणा आणि बॉक्सचे रबरी माउंटिंग ही सर्व तपासावीत.

५. काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात पाहावे. सोनेरी चमक दिसली तर ती पितळी रिंगांची भुकटी होय. ड्रेन नटच्या चुंबकाला बारीक करडा गाळ चिकटणे ही रोजची झीज आहे. पोलादाचे कपचे सापडले, तर दात किंवा बेअरिंग फुटले आहे.

आमच्या गाडीतून तेल निघाले ते जेमतेम निम्मे. त्यात सोनेरी चमक होती आणि एक नखाएवढा कपचाही होता.

उतरवणे आणि बसवणे

रविवारी काम काढले. नववीच्या मुलांना बाजूला बसवून पाहावयास लावले. गाडीखाली जाण्याचे काम मात्र मोठ्यांनीच केले. पद्धत थोडक्यात अशी आहे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि जाऊ नये, भक्कम घोड्यांवर गाडी टेकवावी. बॅटरीची ऋण तार सोडावी. तेल काढावे. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पुन्हा त्याच स्थितीत बसेल आणि त्याचा तोल बिघडणार नाही. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स दिव्याची तार, गिअरचा दांडा आणि स्टार्टर काढावेत. क्लचचा सिलिंडर सोडून बाजूस बांधून ठेवावा आणि त्यानंतर कोणी क्लचचे पेडल दाबू नये.

मग इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्यावा, कारण बॉक्स निघाला की इंजिन मागे झुकते. बॉक्सलाही वेगळा आधार द्यावा. मागची आडवी पट्टी आणि त्यानंतर घंटेच्या आकाराच्या पुढील भागाचे बोल्ट सोडावेत. आता बॉक्स सरळ रेषेत मागे ओढावा. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिले तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि नवी प्लेटही पहिल्याच दिवशी बिघडते.

बॉक्स निघाला म्हणजे फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग तपासावीत. एवढे श्रम झाल्यावर जुने रिलीज बेअरिंग तसेच ठेवणे ही खोटी काटकसर आहे. तेच काम महिन्याभराने पुन्हा करावे लागते.

बदली बॉक्स घेताना जुना समोर ठेवून तुलना करावी : इनपुट शाफ्टची लांबी व त्यावरील खाचांची संख्या, बोल्टांची जागा, गिअरांची संख्या व प्रमाण, मागील फ्लँज, स्पीडोमीटरची जोडणी. दिसायला सारखे असणारे दोन बॉक्स आतून वेगळे असू शकतात. प्रत्येक गिअर हाताने टाकून इनपुट शाफ्ट फिरवून पाहावा. शाफ्ट धरून वर-खाली व पुढे-मागे हलवून ढिलेपणा पाहावा. शक्य असेल तर वरचे झाकण उघडून दात पाहावेत. पावती घ्यावी. आमच्या बाबूने नागपूरहून बॉक्स आणला आणि बसवण्याआधी तो उघडून, नवी बेअरिंगे, नव्या ब्रास रिंगा आणि नवी ऑइल सील घालून घेतली.

बसवताना क्लच प्लेट नकली शाफ्टने मध्यभागी धरून घट्ट करावी. बॉक्स हाताने पुढे सरकवून त्याचे तोंड इंजिनाला पूर्ण टेकले पाहिजे. टेकत नसेल तर बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नये, काय अडते ते पाहावे. बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल भरावे. हे वाक्य मुलांना हास्यास्पद वाटते, परंतु घाईत हीच गोष्ट विसरली जाते.

तेलाविषयी एक सूचना. ‘नव्वद नंबर’ एवढेच सांगून तेल आणू नये. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ अशी प्रत लिहिलेली असते. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत जी प्रत सांगितली असेल तीच घ्यावी.

झिजेचे वाचन

बदली बॉक्स बसला. पण बाबू म्हणाला की खरे काम आता आहे. त्याने निकामी बॉक्स ओसरीत जुन्या सतरंजीवर उघडला आणि एकेक भाग क्रमाने मांडला. मुले भोवती बसली. आम्हीही बसलो, विद्यार्थी म्हणून.

इतिहासात आम्ही नाण्याची झीज पाहून ते किती हातांतून गेले असेल याचा अंदाज बांधतो. येथेही तेच चालले होते. तिसऱ्या गिअरचे कुलूपदात टोकदार न राहता गोलसर झाले होते. ब्रास रिंगच्या आतील बारीक रेषा पुसून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती, म्हणून तिची पकड गेली होती. फोर्कचे एक टोक झिजून पातळ होऊन तुटले होते आणि तोच कपचा दोन चाकांच्या दातांत अडकून बॉक्स त्या रात्री जाम झाला होता.

आम्ही हळूच म्हणालो, “म्हणजे दांड्यावर हात ठेवल्यानेच ना?”

बाबूने उत्तर दिले नाही. त्याने मागचे बेअरिंग आमच्या हातात दिले. ते खुळखुळत होते. त्यामागची ऑइल सील एका बाजूने कापल्यासारखी झाली होती. बॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी जे छोटे छिद्र असते, ज्यास ब्रीदर म्हणतात, ते चिखलाने बुजले होते. मग त्याने काढून ठेवलेला प्रोपेलर शाफ्ट आणला आणि त्याचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, हलवून दाखवला. तो एवढा ढिला होता की टकटक वाजत होता.

आता साखळी उलगडली. क्रॉस झिजला होता, म्हणून प्रोपेलर शाफ्ट थरथरे. थरथरीने बॉक्सचे मागचे बेअरिंग ढिले झाले व सील कापली गेली. ब्रीदर बुजल्याने तापलेल्या हवेचा दाब आतच कोंडला आणि त्याने कापलेल्या सीलमधून तेल बाहेर ढकलले. तेल कमी झाले म्हणून रिंगा व दात झिजले. शाफ्ट ढिला आणि दात गोल, म्हणून तिसरा गिअर सुटू लागला. गिअर सुटत होता म्हणून भाऊंनी तो हाताने दाबून धरला. त्या दाबाने अखेरीस फोर्क झिजला आणि तुटला.

म्हणजे ज्याला आम्ही कारण म्हटले होते तो परिणाम होता. हात दांड्यावर होता म्हणून गिअर बिघडला नव्हता. गिअर बिघडला होता म्हणून हात दांड्यावर होता. त्या हाताने शेवटी फोर्कची हानी केली हे खरे, पण भर रस्त्यात गाडी न्यूट्रल होऊ नये म्हणून त्या माणसाजवळ दुसरा उपायच नव्हता. आणि साखळीच्या मधल्या एका कडीवर, तेल टपकत होते तेव्हा, त्याने कार्यालयात येऊन आम्हांस सांगितलेही होते. पहिला वापरलेला बॉक्स एवढ्या लवकर का गेला, तेही कळले. बॉक्स बदलला होता, क्रॉस तोच राहिला होता. कार्यकारणभावाचा शोध हा तथागतांच्या शिकवणीचा कणा आहे, असे आम्ही दर पौर्णिमेला मुलांना सांगत आलो. तो शोध आमच्या स्वतःच्या कार्यालयात मात्र आम्ही घेतला नव्हता.

हाताचे ज्ञान

येथे इतिहासाचे एक पान उघडणे आवश्यक आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. त्या खात्यात मजुरी अधिक होती. धोट्यातून धागा काढताना तो तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो, असे कारण दिले जाई. यंत्राला जात नव्हती, पण यंत्राजवळ कोणी जावे याला होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात या अन्यायाला वाचा फोडली. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे उमेदवारीची संधी मिळावी, अशीही मागणी होती. त्यांना आपल्या मुलांच्या हाती ग्रंथ हवा होता आणि पानाही हवा होता.

जातिव्यवस्थेने या देशात आणखी एक नुकसान केले. हाताने काम करणाऱ्याला बोलण्याचा अधिकार ठेवला नाही, आणि बोलणाऱ्याला हाताने काम करण्याची सवय ठेवली नाही. आम्ही एम. ए. झालो, या विषयावर भाषणे दिली, आणि तरीही गाडी रोज हाताळणाऱ्या माणसाचे म्हणणे मान वर न करता ऐकले. कोणाच्या जातीमुळे असे घडले असे नव्हे. कागदाचे ज्ञान वरचे आणि हाताचे ज्ञान खालचे, ही जुनी उतरंड आमच्याही मनात कुठेतरी टिकून होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर, मुलांसमोर, आम्ही भाऊंची क्षमा मागितली. नोंदवहीतील ती समज रद्द केल्याची नोंद, कारणासह, तिच्याखालीच लिहिली. पान फाडले नाही. चुकीची नोंद आणि तिची दुरुस्ती दोन्ही शिल्लक राहिली पाहिजेत, एवढे तरी इतिहासाने आम्हांस शिकवले होते. भाऊ एवढेच म्हणाले, “सर, क्रॉसला दर महिन्याले ग्रीस मारत जाऊ.”

तेव्हापासून गाडीजवळ एक वही टांगलेली असते. आवाज, थरथर, तेलाचा थेंब, जे आढळेल ते भाऊ तीत लिहितात आणि दर शनिवारी आम्ही ती वाचून सही करतो. पहिल्या हजार किलोमीटरनंतर बॉक्सचे तेल बदलले, ब्रीदर दर पावसाळ्यानंतर साफ होतो. या श्रावणात तिसरे वर्ष पुरे झाले. गिअर सुटलेला नाही, आणि भाऊंचा डावा हात आता स्टिअरिंगवर असतो.

स्वाध्याय

१. पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण १६ ऐवजी २० असेल, तर इंजिनाच्या मिनिटाला १६०० फेऱ्यांना गाडीचा ताशी वेग किती होईल? (चाकाचा परीघ २.२ मीटर धरा.)

२. सिंक्रोनायझर रिंग पोलादाऐवजी पितळेच्या जातीच्या मऊ धातूची का करतात?

३. वरील प्रसंगातील कारणांची साखळी आकृतीने काढा. कोणत्या कडीवर सर्वांत कमी खर्चात बिघाड थांबवता आला असता, ते सांगा.

४. आपल्या घरी, शेतात किंवा गावात, परिणामालाच कारण समजून एखाद्या माणसाला दोष दिला गेला, असे उदाहरण शोधा. त्या माणसाला भेटा, त्याचे म्हणणे विचारा आणि ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा.